आतून तीन, बाहेरून दोन

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही काढली. जुन्या वहीत फक्त कामाचं लिहायचं असा माझाच नियम आहे: कुठला बूट कुठल्या फरशीवर चांगला वाजतो, मान मुरगळायला कोबी बरा की मुळा. तिथे मनातलं लिहिलं की ते मुळ्याखाली दबून जातं.

सिनेमातला माणूस चालताना ऐकू येतात ती पावलं त्याची नसतात, माझी असतात. कपड्यांची सळसळ, कपबशीची किणकिण, थोबाडीत मारल्याचा आवाज, हे सगळं मी स्टुडिओत उभी राहून पडद्याकडे बघत करते. सव्वीस वर्षं झाली. आई अजून शेजारणीला सांगते, "माझी मुलगी सिनेमात आहे, फक्त दिसत नाही."

आज बारक्या आला. माझा धाकटा भाऊ. चव्वेचाळीस वर्षांचा झाला, पोट सुटलं, तरी घरात बारक्याच. त्याचा भुताचा सिनेमा चित्रित होऊन, जोडून तयार आहे. म्हणाला, "माई, आवाज तूच करायचेस. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही." मी म्हटलं, "इतकी वर्षं साबणाच्या जाहिराती केल्यास, आता एकदम भूत कुठून मानगुटीवर बसलं?" तो हसला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून गेला. बारक्या चहा टाकून जातो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

सिनेमा पाहिला. अजून आवाज नाही, नुसती चित्रं.

कारखान्याच्या वसाहतीतलं घर. बाप, आई, अकरा वर्षांची मुलगी. मुलगी शाळा बुडवून सिनेमाला जाते. बाप तिला मागच्या कोळशाच्या खोलीत कोंडतो, बाहेरून कडी घालतो आणि कारखान्यात जातो. तासाभरात यायचं असतं, पण तिथे यंत्र बिघडतं आणि तो चार तासांनी परततो. मुलीला दमा असतो. पुढचा सगळा सिनेमा त्यानंतरचा: रिकाम्या खोलीतून दारावर टकटक येत राहते आणि बाप हळूहळू वेडा होतो.

"त्या मुलीचा फ्रॉक ताईच्या फ्रॉकसारखा का शिवलाय?" मी विचारलं.

"कारण ती ताईच आहे," बारक्या म्हणाला.

आमच्या घरात ताई एकच. ती गेली तेव्हा अकरा वर्षांची होती, मी सहाची. पुढे बारक्या बोलायला लागल्यावर मला ताई म्हणू लागला, तर आईने त्याला माई म्हणायला शिकवलं. ताई न्यूमोनियाने दवाखान्यात गेली, मी तेव्हा मावशीकडे होते, एवढंच मला ठाऊक. मावशीच्या खिडकीचा लाल पडदासुद्धा आठवतो.

बाबा जायच्या आदल्या आठवड्यात बारक्याला जवळ बसवून म्हणाले होते, "तुझी आई तुला लस टोचायला घेऊन गेली होती. माई मावशीकडे. घरात कोणी नव्हतं. कडी मीच घातली." दोन वर्षं त्याने हे पोटात ठेवलं आणि मला सांगायच्या आधी त्याचा सिनेमा केला.

"मला आधी सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"तोंडाने सांगता येत नव्हतं गं. म्हणून तर केला."

मला वाटलं होतं मी बाबांवर भडकेन. पण तो राग जुनाच आहे, त्यात भर पडायला जागाच नव्हती. नऊ वर्षांची असताना जेवताना ताटावर बोटं वाजवली म्हणून त्यांनी माझ्या मुस्काटात मारली होती. टेबलावर, दारावर, कुठेही मी ताल धरला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मग मी हट्टाने आवाजाचाच धंदा धरला. शेवटच्या आजारात मी एकदाच गेले, दहा मिनिटं. त्यांनी माझी बोटं मुठीत घट्ट धरली, सोडेचनात. मी खाटेच्या दांड्यावर वाजवत होते, मरतानाही यांना तेवढं खपत नाही, असं वाटलं मला. मीच हात सोडवून घेतला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज स्टुडिओत दार आलं. खरं दार. वसाहतीतलं आमचं घर पाडलं तेव्हा बारक्याने कोळशाच्या खोलीचं दार उचलून आणलं होतं आणि त्यावरच चित्रीकरण केलं. आता टकटकही त्याच लाकडाची हवी, असा त्याचा हेका.

दार बुटकं आहे, कोळसा ओढायला वाकून जावं लागे. फळ्या जाड, बाहेरून लोखंडी कडी. कडी माझ्या कमरेला लागते. मी ती दोन-तीनदा वरखाली केली. गंजलीय, तरी सहज फिरते.

कानसेनने दार चौकटीत बसवून दिलं. काचेपलीकडे बसून आवाज नोंदवणारा साठीचा गृहस्थ. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात, तो खरोखरच झालाय, म्हणून हे नाव. त्याने दाराला नाक लावलं. "कोळशाचा वास अजून आहे हो." मला नाही आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टकटकीचं काम सुरू केलं. पडद्यावर ती पोर आतून उभी राहून दार ठोकते. किती वेळा ठोकायचं हे बारक्याने माझ्यावर सोडलंय. मी तीन ठरवलं. तीन ही ताईची खूण होती.

आम्ही दोघी शेजारशेजारच्या खोल्यांत झोपायचो, मधे पातळ भिंत. ती भिंतीवर तीनदा वाजवायची: आहेस का? मी दोनदा: आहे. कितीही वेळा विचारलं तरी उत्तर द्यायचंच, नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी कट्टी. कधी मी झोपेत असायचे तरी माझा हात आपोआप दोनदा वाजवायचा म्हणे. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही होतं. ताईची एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे. तिचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही.

कानसेन काचेमागून म्हणाला, "बाई, पोर उभी आहे. तुम्ही खाली का बसलात?"

खरंच मी गुडघ्यांवर बसून वाजवत होते. म्हटलं, आवाज असाच बरोबर येतो.

"आणि पोर आत आहे. तुम्ही कडीच्या बाजूला बसलात."

सव्वीस वर्षांत अशी चूक मी केली नव्हती. नवशिकी मुलगीसुद्धा करणार नाही. दाराला वळसा घालून आत गेले आणि उभी राहून वाजवलं. आवाज खोटा वाटला. बारक्यानेही मान हलवली. शेवटी मी पुन्हा बाहेरच्या बाजूला गुडघ्यांवर बसले आणि पहिल्याच टेकला बारक्या म्हणाला, "हाच!" वय झालं बहुतेक माझं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहा दिवस पावलांत गेले. बापाचे जड बूट. ते घालून चालताना मुद्दाम टाच आपटत होते, राक्षस वाटला पाहिजे म्हणून. कानसेन म्हणाला, "बाई, हा माणूस दमून घरी येतोय, खून करायला नाही." मला राग आला. माझा बाप तुला माहीत का मला?

आईला अजून काही सांगितलेलं नाही. पंचाहत्तर वर्षांची आहे ती. कानात यंत्र आहे. नको ते बोलणं निघालं की ते काढून खिशात ठेवते आणि साळसूदपणे हसते. बाबांशीही ती असंच वागली, यंत्र नसतानासुद्धा. जेवायला वाढलंय, डॉक्टर आलेत, दार लावा. चाळीस वर्षांचा संसार एवढ्या तीन वाक्यांत. का, ते आज कळतंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कानसेनने बोलावून घेतलं. चेहरा गंभीर. "तुम्ही वाजवलेल्या टकटकीत काहीतरी आहे."

त्याने आवाज मोठा करून ऐकवला. तीन ठोके. थोडी शांतता. मग अगदी हलके, दोन.

"हे दोन कोणाचे?"

मी म्हटलं, प्रतिध्वनी असेल. तो म्हणाला, "प्रतिध्वनी तीनाचे दोन करत नाही." बाहेर बसून केलेले बारा टेक होते. बाराही टेकमध्ये होते. त्याने त्या दिवशीचं चित्रणही दाखवलं. स्टुडिओत एक कॅमेरा असतो. मी दारापुढे गुडघ्यांवर, उजव्या हाताने तीन वाजवते, मग डावा हात उठतो आणि खालच्या फळीवर दोनदा वाजवतो. चेहऱ्यावर काही नाही. मला यातलं काहीही आठवत नाही.

बारक्या मात्र खूश. "भन्नाट आहे, माई! आतली पोर तर आपल्याला दिसते. पण बाहेर कोण आहे? अंगावर काटा येतो. ठेवू या."

माझ्याही अंगावर काटा होता, पण वेगळा.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आईला विचारलं. ती खिडकीत बसून शेंगा सोलत होती. "मावशीकडे मी कधी गेले होते?"

"ताईच्या वेळी."

"आधी की नंतर?"

तिचा हात कानाकडे गेला. मी तो धरला. म्हटलं, "आज काढायचं नाही. आज ऐकायचं."

तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "नंतर. त्याच संध्याकाळी सोडलं तुला. लाल पडद्याखाली बसून होतीस, पाच दिवस बोलली नाहीस. सहाव्या दिवशी बोललीस ती असं, जणू काही झालंच नव्हतं. ताई कुठंय म्हणून मलाच विचारलंस. हे म्हणाले, पोर विसरलीय, विसरू दे. तिला कधीही कळता कामा नये. कोणी विचारलं तर घरात कोणी नव्हतं. मला शपथ घातली. ह्यांच्याशी मी बोलले नाही आयुष्यभर, पण ती शपथ पाळली."

"मग मी होते घरात."

"होतीस."

मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. आवाज करायचा माझा धंदा, आणि रडण्याचा आवाज झाकायला नळ लागला मला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आठवायला लागलं. धडाधड नाही, थेंब थेंब.

बाबा मला म्हणाले होते, "मी येईपर्यंत कडीला हात लावायचा नाही. लावलास तर तूही आत." मी दारापाशी फतकल मारून बसले होते. माझ्याजवळ रंगाच्या कांड्या होत्या. आतून तीन ठोके आले. आहेस का? मी दोन दिले. आहे. पुन्हा तीन. पुन्हा दोन.

मला मजा येत होती. हे लिहून टाकते, नाहीतर पुन्हा विसरायचं नाटक करीन. नेहमी मी ताईच्या मागे मागे असायचे आणि ती मला पिटाळायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिला मी हवी होते. ती विचारत होती आणि मी आहे म्हणत होते. ती काही बोलत होती का? खोकत होती, एवढं आठवतं. ठोके भरभर यायला लागले तशी मीही भरभर वाजवलं, शर्यत वाटली मला. मग ते हळू झाले. मग तीनाचे दोन, दोनाचा एक. मी एकालाही उत्तर दिलं. नंतर काहीच आलं नाही, तेव्हा मला वाटलं, ताई रुसली. मीही रुसले आणि चित्र रंगवत बसले.

बाबा आल्यावर त्यांना मी सांगितलं, "ती आहेस का विचारत होती, मी प्रत्येक वेळी आहे म्हटलं." शाबासकी मिळेल म्हणून सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तोच चेहरा, ताटावर बोटं वाजवल्यावरचा.

बाबा, मी तुमची मूठ सोडवून घेतली. तुम्ही माझा हात गप्प करत नव्हता. तुम्ही तो धरला होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बारक्याला सांगितलं. तो सिनेमा जोडतो त्या खोलीत, भर दुपारी, पडद्यावर ताई दाराशी थांबलेली होती.

सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "म्हणजे बाबा मरतानाही खोटं बोलले?"

"हो. माझ्यासाठी."

"मी त्यांना राक्षस केला, माई."

"कडी त्यांनीच घातली, बारक्या. ते काही खोटं नाही. पण त्या घरात ते एकटे नव्हते."

तो रडला. वर्षाचा होता तेव्हा लस टोचून आल्यावर रडत होता, तसाच, तोंड उघडं टाकून. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग नाक पुसून म्हणाला, "ते दोन ठोके मी काढतो. आत्ताच काढतो. त्या ठोक्यांवर खूश काय झालो मी, शी."

"काढू नकोस."

"अगं, लोक घाबरायला येणार आहेत. कोणाला कळणार आहे?"

"कळू नये कोणाला. पण मी तिथे होते, तर सिनेमातही असले पाहिजे. चित्रात मला जागा नाही, नसू दे. आवाजात आहे तेवढी पुरे."

त्याने विचारलं, "आईला ठोक्यांचं माहीत आहे?" नाही. मी घरात होते एवढंच तिला माहीत आहे. ठोके बाबांना माहीत होते आणि मला. त्यांनी ते तिलाही सांगितले नाहीत. एवढं मोठं ओझं त्या माणसाने एकट्याने उचललं, आणि मी त्यांच्या बुटांच्या टाचा आपटत होते.

३ मार्च, सोमवार

बापाची सगळी पावलं पुन्हा केली. निर्मातीणबाई कुरकुरल्या, वेळ जातोय म्हणून. कानसेन त्यांच्याशी भांडला, मला काही विचारलं नाही. या वेळी टाच हलकी ठेवली. यंत्र दुरुस्त करून, चार तास उशिरा, घाईघाईने घरी येणारा माणूस. शेवटची दहा पावलं तो पळतो, हे चित्रात आधीपासून होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

टकटकही आठवली तशी पुन्हा केली: आधी भरभर, मग हळू, शेवटी एकच, आणि प्रत्येकीला माझं उत्तर. मग कडी उघडण्याचा आवाज. एकोणीस वेळा केला. कडी सहज फिरत होती, माझाच हात अडत होता. विसाव्या वेळी कानसेन बाहेर आला, माझ्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "चला, दोघं मिळून काढू." त्याचा हात माझ्या हातावर होता. तोच टेक ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार

आज दुपारी सिनेमा घरच्यांना आणि काम केलेल्यांना दाखवला. आईला न्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. आदल्या आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं होतं, ठोक्यांसकट. ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली होती. आज सकाळी मात्र चांगले कपडे घालून, केस विंचरून दाराशी उभी. "माझ्या मुलीचा सिनेमा आहे. मी येणार." कुठल्या मुलीचा, ते मी विचारलं नाही.

मी तिच्या शेजारी बसले. ताईला खोलीत ढकललं तशी आईची बोटं कानाकडे गेली. आता यंत्र काढेल असं वाटलं. तिने ते बोटाने आणखी आत दाबलं.

आतून तीन.

बाहेरून दोन.

पुढच्या रांगेत कोणीतरी बाई किंचाळली. निर्मातीणबाई मागे वळून बारक्याला अंगठा दाखवत होत्या. अंधारात सगळे त्या बाहेरच्या भुताला घाबरले होते. आणि ते भूत तिसऱ्या रांगेत आईचा हात धरून बसलं होतं.

ठोके भरभर झाले, मग हळू. आई प्रत्येक वेळी वाट बघायची, माझे दोन येईपर्यंत तिचा श्वास अडायचा. शेवटच्या एका ठोक्यालाही उत्तर आलं तेव्हा तिने डोळे मिटले. कडी निघाली, बाप आत धावला. बाकीचं आम्ही पाहिलंच नाही.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "चाळीस वर्षं मला वाटायचं, ती एकटी गेली."

"नव्हती एकटी," मी म्हटलं. "पण आई, मी कडी काढली नाही."

"कशी काढशील? कडी उंच होती गं. तुझा हात पोचलाच नसता. मी यांनाही तेव्हाच म्हटलं होतं, तिचा हात पोचलाच नसता." माझं मनगट दाबून ती पुन्हा म्हणाली, "किती उंच होती, आठवतं ना तुला?"

दोन महिने ते दार माझ्यासमोर आहे. आजही त्या कमरेएवढ्या कडीसकट स्टुडिओच्या भिंतीला टेकून उभं आहे.

मी म्हटलं, "हो आई. खूप उंच होती."